विमलताई, डोंगा कशानं उचलायचा?

विमलताई, डॉक्टर नाडी पाहून उठला, बायका रडायला लागल्या, तरी मी तुमच्या पापण्यांकडं टक लावून बसले होते. झोपेचं सोंग तुम्हाला फार चांगलं जमायचं. नको असलेला पाहुणा आला की तुम्ही भिंतीकडं तोंड करून घोरायच्या, आणि तो गेला की एक डोळा उघडून विचारायच्या, "गेला काय वो, वहिनी?" म्हणून मी वाट पाहत होते. जमलेल्यांना वाटलं, म्हातारी धक्क्यानं बधिर झाली. मला फक्त खात्री करायची होती. तुम्ही सांगितलेली एकही गोष्ट मी कधी पहिल्या झटक्यात खरी मानली नाही, तर मरण कसं मानू?

आता तेरवी झाली, पाहुणे गेले. लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. आदर्श शिक्षिका, शांत स्वभाव, घरासाठी झिजलेली बाई. ऐकता ऐकता मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कोणाच्या तेरवीला येऊन बसले की काय! तुम्ही किती लबाड होत्या, हे एकानंही सांगितलं नाही. ते काम माझ्यासाठी शिल्लक ठेवलेलं दिसतं.

मी या घरात आले तेव्हा त्र्याहत्तर साल सरत आलं होतं. माहेर भंडाऱ्याजवळच्या शहापूरचं. हायवेवरच्या मोटारी मोजत वाढलेली पोर, त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत. मॅट्रिकला नापास, पण चाल कलेक्टरच्या बायकोची. वर मावशीनं निघताना कानात सांगितलं होतं, "परत आलेल्या नणंदेपासून जपून राहाय." ती शिकवण मी पदराच्या गाठीत बांधून आणली. कुंकवाची डबी विसरले, ती नाही विसरले.

आणि तुम्ही परत आलेल्या नणंद. नवरा लग्नानंतर थोड्याच महिन्यांत तापानं गेला, सासरच्यांनी ट्रंकेसकट आणून सोडलं. बाकीच्या बायका ट्रंकेवर डोकं ठेवून रडतात. तुम्ही ट्रंक उघडून पुस्तकं काढली, मास्तरीण झाल्या आणि तलावापलीकडच्या टोलीवर, त्या लहानशा वस्तीवर, शाळेला लागल्या. आपलं घर एकोडीकडच्या त्या तलावाच्या पाळीवर, बांधावरच. पुढं पाणी, मागं धानाच्या बांध्या. उन्हाळ्यात तुम्ही काठाकाठानं चालत जायच्या. पावसाळ्यात नाला चढला की वाट बंद, आणि उरायचा फक्त डोंगा, लाकूड कोरून केलेली ती छोटी नाव.

मी येण्याआधीच्या पावसाळ्यात डोंग्यानं दगा दिला होता. एकदा पावसाच्या पाण्यानं भरून बांधल्या जागी बुडाला, आणि वर काढला तर दुसऱ्या पुरात दोर तोडून सांडव्यावरून गेला नि फुटला. शाळा बरेच दिवस बंद राहिली. वरच्या साहेबानं बजावलं, यंदा पावसात शाळा उघडी दिसली नाही तर ही जागा दुसऱ्या बाईला. तुम्ही ढिवराकडून नवा डोंगा करून घेतला. आता तो रोज संध्याकाळी पाण्याच्या वर, पुराच्याही वर, टांगून ठेवायला हवा आणि सकाळी खाली सोडायला हवा. तोही एकट्या बाईनं. कारण सासूबाईंची अट स्पष्ट होती.

"गडी रोज तुह्या मागं फिरणार नाही. तुझा डोंगा तुले काढता आला तं जाय शाळेत. नाही तं घरी बस. रोवण्याले तसेबी हात कमी हायेत."

एवढ्यावर तुमची नोकरी टांगलेली होती. आणि मी? मी तुमच्यावर नजर ठेवून होते.

उन्हाळा संपत आला होता. मी घागर घेऊन पाण्यावर निघाले तर जांभळीच्या पलीकडून तुमचा आवाज आला, आणि एका पुरुषाचा. मी घागर खाली ठेवली. ऐकायचं काम नीट करायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात.

"पाट पावसाच्या आधी लावाच लागन, बाई," तो म्हणाला.

"लावू. माह्या मनात पक्कं हाय."

"मंग घोडी माह्याकडून. लाखनीले येऊन एकदा पाहून घ्या."

"पाहून घेईन. पण दादाले एवढ्यात सांगू नका. माय तं उभी जाळन मले."

"नाही सांगत. पण पाट मजबूत पाहिजे बरं. एकदा लावला का जल्मभर टिकला पाहिजे."

माझ्या कानातून वाफ निघायची बाकी राहिली. विधवा नणंद पाट लावून राहिली! दुसरं लग्न! तेही घोडीवरून वरात काढून! आणि भावापासून लपवून! त्या माणसाचा चेहरा मला दिसला नाही, नुसती पाठ दिसली. पाठ रुंद होती. तेवढ्या पाठीवर मी तुमचा अख्खा संसार मांडून टाकला.

पुढचे दिवस कसे गेले म्हणून सांगू! तुम्ही केसांना तेल लावलं की मी कढईतलं तेल विसरायची. तुम्ही नवी चप्पल आणली तर मी तिचे तळवे तपासले. सासूबाईंना सांगावं, असं जिभेच्या टोकाशी आलं होतं, पण गिळलं. चांगुलपणा म्हणून नव्हे. एवढी मोठी बातमी अर्धवट कशी द्यायची? माणूस कोण, शेती किती, घरात कोण कोण, हे कळल्याशिवाय? म्हणून मी एक दिवस आईला बरं नाही अशी थाप मारून शहापूरची मोटार धरली आणि मध्येच लाखनीला उतरले.

ट्रकांच्या रांगेमागं मिस्त्रीचं गॅरेज सापडलं. रुंद पाठ लगेच ओळखली. मग पाठ वळली. पुढं साठी उलटलेला म्हातारा, पुढचे दात गेलेले, गालात खर्रा.

"काय पाहिजे, बाई?"

"तुम्हीच काय ते, पाळीवर आलते?"

"हो, आलतो. मास्तरीणबाईच्या घरच्या तुम्ही?"

"वहिनी हो मी त्याईची. घरी कोण कोण हाये तुमच्या?"

त्यानं डोळे बारीक केले. गिऱ्हाईक असं विचारत नाही. "बायको हाये, पोरं हायेत, सुना हायेत, नातवंडं बी हायेत. काहून?"

"बायको हाये?"

"सकाळी भांडून आलो तवा तं होती."

"आन तरी घोडीच्या गोष्टी करता? लाज नाही वाटत या वयात?"

"लाज कायची वो? जुनी हाये, पण अशी मजबूत घोडी तुमाले साकोलीपर्यंत भेटनार नाही. या, दाखवतो."

मागं नेऊन दाखवली. लोखंडाची, तीन पायांची. तिच्या डोक्यावरून एक जाड साखळी लोंबत होती, आणि साखळीला एका ट्रकचं इंजिन असं लटकलं होतं जसा दुकानात केळ्यांचा घड.

"ही घोडी. आन हे चेनकुप्पी. साखळी ओढा का इंजिन वर. तुमच्या डोंग्यासाठी चौथा पाय जोडून देतो, दोन पाण्यात, दोन पाटावर."

"पाटावर?"

"फळ्या वो. खांब रोवून पाण्यावर फळ्या टाकाच्या, त्याले पाट म्हनते. तो कच्चा असन तं घोडी, डोंगा आन मास्तरीणबाई, सारे तलावात."

मी तिथंच पडलेल्या एका टायरवर बसले. हसू आवरेना. मिस्त्रीनं घाबरून पाणी आणून दिलं, आणि जरा लांबून दिलं.

हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, ताई. तुम्ही मला जन्मभर चिडवलं असतं, म्हणून नाही सांगितलं. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. मी लग्न मोडायला गेले नव्हते. मोटारीत बसल्यापासून मी ठरवत होते, माणूस बरा निघाला तर आपण विमलताईच्या बाजूनं उभं राहायचं. सासूबाई ओरडतील, तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, जेवण सोडतील, तरी उभं राहायचं. तेव्हा मी तुमच्याशी धड चार शब्द बोलत नव्हते, आणि तुम्हाला पाटाचं लुगडं कोणत्या रंगाचं घ्यायचं ते माझं ठरून बसलं होतं. येताना मोटारीत मी पुन्हा हसले. मग अचानक वाईट वाटलं. कोणाचं लग्न ठरलंच नव्हतं, तरी मोडल्यासारखं वाटलं. हे असं काहून झालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आले तर डोंगा कशानं उचलायचा याची सभा भरलेली. तुमचे भाऊ नागपूरहून रद्दीतलं एक रंगीत पान घेऊन आले होते. परदेशातलं कुठलं तरी तळं. काठावर लाकडी बंगली, बंगलीपुढं धक्का, आणि काळा चष्मा लावलेली एक गोरी बाई बटणावर बोट ठेवून उभी. बोट दाबलं की नाव आपोआप वर.

सासूबाईंनी पान दूर धरून पाहिलं. "ही बाई कोन्या घरची नाही वाटत."

"माय, बाई नको पाहू. यंत्र पाहाय."

"तू बी यंत्रच पाहाय म्हंजे झालं."

"दादा, पाळीवर वीज कुठं हाय?" तुम्ही विचारलं.

"येनार हाये. अर्ज देतो. मंग नागपुरात एक दोस्त हाये, तो चौकशी करन. घ्याचीच तं चांगली वस्तू घ्यावं. घाई कायची?"

घाई शाळेची होती. अर्ज, वीज, दोस्त, चौकशी. तेवढ्यात टोलीवर दुसरी बाई येऊन स्थिरावली असती. मला तेव्हाच शंका आली होती, आणि पुढं संसारात तिची खात्री पटली. तुमच्या भावांना 'नाही' म्हणायचं जिवावर आलं की ते जगातली सर्वांत उत्तम वस्तू शोधायला लागायचे. माझं शिलाईचं मशीन त्यांनी मरेपर्यंत शोधलं.

मग तुम्ही खाली मान घालून बोलल्या. असा गरीब आवाज मी तुमच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"मले मोठं काही नको. विहिरीवरची साधी गिर्री पुरते. जांभळीच्या फांदीले बांधायची, दोर ओढायचा. तेल देल्लं का आवाजच नाही. सकाळी कवा गेली, संध्याकाळी कवा आली, कोनाले पत्ताबी नाही लागनार."

माझे कान टवकारले. अवो, ही बाई लाखनीला घोडी ठरवून बसली, आणि इथं गिर्री मागून राहिली?

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "पत्ता नाही लागनार?"

"बिलकुल नाही, माय. तुही झोप मोडायची नाही."

"दुसरं काय भेटते?"

"दुसरं ते ट्रकवाल्याईचं चेनकुप्पी. पन ते नकोच. लय हळू चालते. आन खडखड तं अशी करते का गावातली मानसं बाहीर येतीन."

"खडखड करते?"

"हो न."

"मंग तेच आन."

"माय, पन गिर्री..."

"गिर्री-बिर्री काही नाही! पोर पान्यावर गेली का आली, मले चुलीपाशी बसून समजलं पाहिजे. चूपचाप जानारी नाव माह्या घरात चालनार नाही."

तुम्ही असा चेहरा पाडला की घडीभर मीसुद्धा फसले. मग मी भाताचं गंज पुढं केलं, आणि तुम्ही दुसऱ्यांदा भात घेतला. वर वरण मागितलं. दुःखी माणूस दुसऱ्यांदा भात घेत नाही, ताई.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पाटावर घोडी उभी राहिली आणि सासूबाईंनी परीक्षा घ्यायला खुर्ची मागवली. शेजारपाजारचे जमले. आभाळ दाटून आलेलं, पाण्यावर वारा. डोंग्याला पुढं-मागं दोर बांधले, आकडा अडकवला आणि तुम्ही पदर खोचून साखळी ओढायला लागल्या. खडखड, खडखड. डोंगा पाण्यातून इतका हळू उठत होता की उठतो की नाही याची शंका यावी. तुमच्या कपाळावर घाम. तुमचे भाऊ पुढं सरकले.

"मी धरू काय?"

"हात लावू नको, दादा."

डोंगा अर्ध्यावर आला, तळातून पाणी निथळत होतं, आणि तुम्ही साखळी सोडली. दोन्ही हात. सासूबाई खुर्चीतून उठल्या, "अवो बाप्पा!" मी डोळे मिटले. नोकरी गेली, डोंगा गेला, पाट गेला. काहीच आवाज आला नाही म्हणून डोळे उघडले. डोंगा होता तिथंच हवेत लोंबत होता, आणि तुम्ही निवांत सुटलेला अंबाडा बांधत होत्या.

"आवाज बराबर येते न, माय?" तुम्ही विचारलं, आणि राहिलेला डोंगा वर घेतला.

गिर्रीवर असा हात सुटला असता तर डोंगा दणकन खाली. तुम्हाला हे लाखनीतच कळलं होतं. तुम्हाला चेनकुप्पीच पाहिजे होतं. पण तुम्ही मागितलं असतं तर सासूबाईंनी त्यात खोट काढली असती, म्हणून तुम्ही नको म्हणून ते मिळवलं. घरातल्या एकेकाचा संशय तुम्ही डोंग्यासारखा वल्हवला. हे माझं म्हणणं. तुमचं म्हणणं आयुष्यभर एकच राहिलं.

"ताई, खरं सांगा, गिर्री तुमाले पाहिजे होती काय?"

"वहिनी, तुह्या डोक्यात लय किडे हायेत वो."

पाण्यात पाय सोडून विचारलं, वाल सोलताना विचारलं, दवाखान्यात सलाईन लागलेलं असताना विचारलं. तेच उत्तर. निदान सलाईनच्या वेळी तरी खरं बोलायचं होतं.

सासूबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "जाय मंग. पन दिवा लागायच्या आत आली पाहिजे." आणि तुम्ही गेल्या. पावसाळ्यामागून पावसाळे जात राहिल्या. पुढं एक दिवस मलाही डोंग्यात बसवलं, शाळेत सुकडी शिजवायला हात पाहिजे म्हणून. मला वाटलं, फुकटची मोलकरीण धरली. शाळेत पोहोचल्यावर कळलं की सुकडीला बाई होतीच. मला मागच्या बाकावर बसवून तुम्ही पुढ्यात मॅट्रिकचं गणित टाकलं. पास झाले तेव्हा तुम्ही म्हणाल्या, "आता तरी मोजून संशय घेत जाय." आभार मानायचे राहिले. तेव्हा मला वाटलं, यात तुमचाच काहीतरी फायदा असेल, आधी तो शोधू आणि मग आभार मानू. अजून सापडला नाही.

ऐंशी सालानंतर नाल्यावर पूल झाला. तुम्ही चालत जायला लागल्या, डोंगा घोडीला टांगलेलाच राहायला लागला. सासूबाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या, डोळे गेले होते. संध्याकाळ झाली की विचारायच्या, "खडखड नाही झाली. विमल कुठं हाये?" पूल झाला, त्या रस्त्यानं येतात, असं किती सांगितलं तरी डोक्यात शिरायचं नाही. मग एक दिवस मी चुलीपुढून ऐकलं, खडखड, खडखड. बाहेर जाऊन पाहिलं. तुम्ही रस्त्यानंच आल्या होत्या. पिशवी पाटावर ठेवून उभ्या उभ्या साखळी ओढत होत्या, डोंगा थोडा वर, थोडा खाली. आतून सासूबाई म्हणाल्या, "आली." मग तुम्ही पिशवी उचलून घरात आल्या. सासूबाई गेल्या तोवर रोज. मी पाहिलं, हे तुम्हाला माहीत होतं. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. मलाही काही गोष्टी न विचारता ठेवता येतात, बरं का.

आता शेवटचं. माझ्या मुलाकडं भंडाऱ्याला आमच्यासोबत राहून तुम्ही कंटाळल्या, आणि म्हणाल्या, "मले पाळीवर नेऊन सोड." मुलगा नाही म्हणाला, सून नाही म्हणाली, डॉक्टर नाही म्हणाला. सगळ्यांना वाटलं, मी तरी नाही म्हणेन. मी घेऊन गेले. थोडे दिवस तुमच्यासोबत राहिले. आपण भांडलो, भात जाळला, शेजारणीच्या सुनेच्या चालीवर शंका घेतल्या. मग एका सकाळी तुम्ही म्हणाल्या, "तू जाय आता घरी."

"आन तुम्ही?"

"मी हाये न इथं. उद्या येऊ नको. परवा ये."

"काहून? उद्या कोन येऊन राहिलं?"

तुम्ही हसल्या. "कोनी नाही वो, रांडे. मले एक दिवस कोनाची आत्या, कोनाची नणंद, कोनाची बाई नाही व्हायचं."

"मंग काय व्हायचं?"

"काहीच नाही. बसायचं."

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं डबा आणला तेव्हा तुम्ही पायरीवर ऊन खात बसल्या होत्या म्हणे. ठेव म्हणाल्या. चेहरा चांगला होता म्हणे. परवा म्हटलं होतं तसं मी परवाच पोहोचले, तेव्हा डॉक्टर तुमची नाडी पाहत होता.

तेरवीला आलेल्या बायकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "एक दिवस आधी काहून नाही गेल्या वो? गेल्या असत्या तं..." तोंडानं हळहळत होत्या, डोळ्यांत मात्र संशय होता. पिकलेला संशय मला लांबून ओळखू येतो. मुलानंही विचारलं, "आई, तिनं म्हटलं आणि तू ऐकलं?" मी कोणाला काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

त्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ही लबाडी आहे, बाईनं काहीतरी लपवलं आहे, जाऊन पाहावं. कोणाला न सांगता चप्पल घातली आणि स्टँडवर गेले. साकोलीची मोटार उभी होती. खिडकीपाशी जागा होती. कंडक्टर म्हणाला, "चढा, आजी. सुटून राहिली."

मी दांडीला हात लावला होता, ताई. मग काढून घेतला.

"आज नाही, बापा," मी त्याला म्हटलं. "उद्या जातो. आज बाईनं येऊ नको म्हटलं हाये."